अडीच मीटर

परवा तुम्ही दोघं येऊन गेलात. लग्नानंतर पहिल्यांदाच आलेली मुलगी, तिची ओटी भरायची, शेजारच्या वहिनी मुद्दाम तिला बघायला आलेल्या. म्हणून मी गप्प बसले. तुला खाजं दिलं, चहा दिला आणि तुझं रडगाणं मुकाट्याने ऐकून घेतलं. तो पाहुणचार होता, तो संपला. आता शाळा. पत्रात मध्येच तोंड घालायची सोय नसते, म्हणून पत्र लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि वाचायचं तिने, मोठ्याने. तुझा उजवा कान सध्या रजेवर आहे.

"बाई, नशीबच फुटकं," असं तू मला सांगितलंस. हनिमूनला बालीला गेलो, तिथे सर्दी, हिला जुलाब, मग माझा कान, वर रोज पाऊस, सनफिश दिसला नाही, बुडालेली बोट बघायची राहिली, पैसे पाण्यात गेले. आणि शेवटी निकाल काय, तर "बालीत काही राम नाही." अरे, नाचता येईना अंगण वाकडं! फुटलं ते नशीब नव्हे, कानाचा पडदा. आणि तो तू स्वतःच्या फुंकीने फोडलास. बालीचा त्यात काडीचा संबंध नाही.

आधी किरकोळ चुका उरकून घेऊ. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, साधारण आठ अंशांवर. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. तू गेलास जानेवारीत आणि तक्रार कसली, तर पाऊस होता! नुसा पेनिडाच्या समुद्रात तो मोठा सनफिश मासा दिसण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, खालचं गार पाणी वर येतं तेव्हाचा. जानेवारीत तो शोधणं म्हणजे श्रावणात झाडावर हापूस शोधणं. दुसऱ्या कुणाचं मी चालवून घेतलं असतं. पण तू मालवणचा. पावसाळ्यात इथलं डायव्हिंग बंद होतं आणि मुलं होड्या ओढून वर ठेवतात, हे लहानपणापासून बघणारा. बघत होतास ना? का नुसता किनाऱ्यावर उभा होतास?

आता सर्दी. ती बालीत झाली नाही. ती इथून नेलीस. मार्गशीर्षातलं लग्न, चार रात्री जागरणं, हळदीला गार वाऱ्यात ओल्या अंगाने उभा, त्यानंतर थंडगार एसी हॉल, मग पूजा, गोंधळ, आणि घसा बसेपर्यंत वरातीत नाचणं. रिसेप्शनला मी आले तेव्हाच तू नाकातून बोलत होतास. तुझ्या मामाने, तो औषधांच्या दुकानात बसतो तोच, खिशात गोळ्यांची पट्टी सरकवली तीही मी पाहिली. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या. त्यांच्यावर पुढे येतेच.

विमान उतरताना कान दुखला, असं तू म्हणालास. फार दुखला, हॉटेलात पोचल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत दडाच बसला होता. हे तू असं सांगितलंस जणू विमान कंपनीनेच काही आगळीक केली. आता वही घे.

नववीत तुला बॉइलचा नियम कुणी शिकवला? रॉबर्ट बॉइल, १६६२. तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं. फुगा पाण्यात दाबून मीच दाखवला होता. विमान कितीही उंच उडो, आतला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतका उतरू देतात. म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाच्या पाऊणपट. विमान खाली आलं की तो पुन्हा पूर्ण होतो. फरक किती झाला? पाव वातावरण. समुद्राच्या पाण्यात दहा मीटर खाली गेलं की एक वातावरण दाब वाढतो. मग पाव वातावरण किती मीटरांवर? तोंडी कर.

अडीच मीटर.

म्हणजे त्या विमानाने तुझ्या कानाची अडीच मीटरांची परीक्षा घेतली. तीही अर्ध्या तासाच्या संथ उताराने, खुर्चीत बसवून, हातात सरबत देऊन. त्या परीक्षेत तू नापास झालास. निकाल हातात होता, फुकट मिळालेला, आणि तो घेऊन तू निघालास डायव्हिंगला, पाच मीटरांची परीक्षा द्यायला, ती एका मिनिटात! पाच मीटरांवर दाबाचा फरक अर्धं वातावरण. कानाच्या आतली हवा तेवढ्यात दोन तृतीयांश जागेत चेपली जाते. कानाचा पडदा साधारण अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून थोडा मोठा. त्यावर आत रेटणारा जोर पाव किलोच्या वर जातो. आणि पडद्याची जाडी? मिलिमीटरचा दहावा हिस्सा. हे गणित बोर्डाच्या पेपरला येत नाही, पण मालवणातल्या प्रत्येक मुलाला यायला हवं.

मधल्या कानातून घशाच्या मागे एक नळी जाते, हेही आठवत असेल. गिळताना ती क्षणभर उघडते आणि आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळतो. सर्दीत ती आतून सुजते. मग खाली जाणाऱ्याच्या कानात बाहेरून दाब वाढत राहतो आणि आत हवा पोचत नाही. फरक एका मर्यादेपलीकडे गेला की नळीचं तोंड चेपून घट्ट बंद होतं. नंतर फुंकून उघडत नाही. म्हणून तर शिकवतात की दुखायच्या आधी कान मोकळा करा, दर अर्ध्या मीटरला करा, नाही झाला तर थोडं वर या, तरीही नाही झाला तर त्या दिवशीचं डायव्हिंग संपलं. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत तू कोर्स केलास तेव्हा हेच शिकून आला होतास, मला येऊन सांगितलं होतंस, माझ्याच ओसरीवर नाक दाबून दाखवलं होतंस. मग बालीत, त्या बोटीच्या तुलांबेनला, त्या ज्ञानाचं काय झालं?

"तीन मीटरवर दुखायला लागलं होतं, पण मी जोर लावला." हे तुझंच वाक्य. नाक दाबून फुंकायची ती युक्ती ज्याच्या नावाने चालते तो आंतोनियो व्हाल्साल्वा हा तीनशे वर्षांपूर्वीचा इटालियन शरीरशास्त्रज्ञ. त्याने ती कानातला पू बाहेर ढकलायला सुचवली होती. हलकी फुंकर चालते. भात्यासारखा जोर लावला तर पडदा तर जातोच, आतल्या कानाची खिडकी फाटून कायमचं बहिरेपण येऊ शकतं. तुझं पडद्यावरच निभावलं. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत शिरलं आणि तुला समुद्र गरगर फिरताना दिसला. तो समुद्र फिरत नव्हता. तोल सांभाळणारं इंद्रिय तिथेच, कानात आहे. त्याच्या एकाच बाजूला गारवा लागला की मेंदूला वाटतं आपण भोवऱ्यात आहोत. नाकातोंडात पाणी, तोंडात रेग्युलेटर, त्यातच ओकारी. तो गाइड वेळेवर दंडाला धरून वर घेऊन आला नसता तर आज मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं?

त्या गाइडबद्दल तू एक चकार शब्द बरा बोलला नाहीस. उलट, "त्याने मला थांबवायला हवं होतं" म्हणालास. चोराच्या उलट्या बोंबा. पाण्यात शिरण्याआधी तुझ्यासमोर एक फॉर्म ठेवला होता. कानाचा त्रास, सायनस, चालू औषधं, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. कुठे "हो" लिहिलं की डॉक्टरची सही आणावी लागते. तू ओळीने "नाही, नाही, नाही" लिहिलंस, कारण सही आणायला अर्धा दिवस गेला असता. खाली उतरल्यावर त्याने बोटाने विचारलं, सगळं ठीक? आणि तू अंगठा आणि तर्जनीचं गोल करून दाखवलंस. ठीक!

यावर मी जरा थांबणार आहे. कानाचा पडदा बहुतेकदा आपोआप भरून येतो. ही खोड आपोआप जात नाही. पाण्याखाली माणसाला वाचा नसते. तिथे फक्त हात बोलतो. हात आडवा धरून डोलवला आणि कानाकडे बोट केलं की "कानाला त्रास आहे". अंगठा वर केला की "वर चला". आणि डायव्हिंगच्या जगातला सगळ्यात सभ्य नियम कोणता, तर कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने अंगठा वर केला तर बाकीच्यांनी निमूटपणे वर यायचं, कारण विचारायचं नाही, नंतरही टोमणा मारायचा नाही. इतकी मोकळीक जगात दुसरीकडे कुठे आहे? लग्नाच्या मांडवात आहे का? ऑफिसात? ती मोकळीक हातात असताना तू खोटी खूण केलीस. गाइडसारख्या अनोळखी माणसाने तुझ्या हातावर विश्वास ठेवला, त्याला फसवलंस. नववीत गृहपाठ केला नव्हता तेव्हा उभं राहून "केला नाही" म्हणायचास. त्या मुलाचं मला कौतुक होतं.

तुझे आजोबा रापणीला जायचे. मी त्यांना चांगली ओळखत होते. नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहिला, लोक होड्या लोटायला लागले, तरी एखाद्या दिवशी ते वाळूत उभे राहून पाण्याचा रंग बघायचे आणि "आज नाय" म्हणून घरी यायचे. कुणी हसलं तर हसू द्यायचे. त्यांना सही लागायची नाही, फॉर्म लागायचा नाही. हा माणूस पन्नास वर्षं समुद्रात गेला आणि म्हातारपणी खाटेवर मेला. तू दोन हजार रुपयांचा मास्क घेतलास म्हणून त्यांच्यापेक्षा शहाणा झालास का?

आता गोळ्या. सकाळी गोळी घेतली, नाक मोकळं झालं, म्हणून गेलो, असं तुझं समर्थन. गोळीने सूज बरी होत नाही, काही तासांपुरती दबते. समजा तू खाली गेला असतास, कान सुरळीत जुळला असता, आणि वीस मीटरांवर गोळीचा असर संपला असता, तर? नळी पुन्हा सुजून बंद. वर येताना आतली हवा प्रसरण पावणार, बॉइलच तो, आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. खाली अडकलेल्याला वर यायची सोय असते. वर येताना अडकलेल्याला कुठे जायची सोय आहे? टाकीतली हवा संपत आलेली. म्हणून सर्दीत गोळी खाऊन पाण्यात उतरणं हे सर्दीत नुसतं उतरण्यापेक्षाही वाईट. मामाला हे माहीत नसेल. तुला कोर्समध्ये सांगितलं होतं.

"पण बाई, ती बोट!" हो, त्या बोटीचा इतिहास तू मला पाठ म्हणून दाखवलास. अमेरिकन मालवाहू जहाज लिबर्टी, १९१८ साली बांधलेलं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो सोडला. ओढत सिंगराजाला न्यायचं ठरलं, पण पाणी भरत गेलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्याला लावलं. १९६३ साली अगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हाच्या हादऱ्यांनी ते किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. आता त्यावर प्रवाळ वाढलंय, पहाटे डोक्यावर टेंगूळ असलेल्या पोपटमाशांचे थवे येतात. बरोबर सांगितलंस, दहापैकी दहा. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. १९६३पासून जे पाण्याखाली पडून आहे ते तुझी सर्दी उतरेपर्यंत आठवडाभर थांबलं नसतं? पुढच्या वर्षापर्यंत थांबलं नसतं? पैसे परत मिळणार नव्हते म्हणून गेलास. पैसे तर भरले त्याच दिवशी गेले होते. गेलेल्या पैशांमागून कानही पाठवलास.

त्या किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोटे आहेत, त्यांवरून चालताना पाय मुरगळतो. तिथल्या गावातल्या बाया डोक्यावर हवेच्या टाक्या घेऊन त्या गोट्यांवरून पायात साधी चप्पल घालून ये-जा करतात. तुझी टाकीही अशाच कुणी बाईने वाहिली असणार. तिचा चेहरा आठवतो का, विचारलं तर तू माझ्याकडे बघतच राहिलास. आणि म्हणे बालीत राम नाही.

हे सगळं तुझ्या कानाबद्दल झालं. आता खरा गुन्हा.

त्या दिवशी पहाटे तू तुलांबेनला निघालास तेव्हा ही मुलगी कुठे होती? हॉटेलच्या खोलीत, रात्रीपासून जुलाब, अंगात ताप. लग्नाला दोन आठवडे झाले नव्हते. परक्या देशात, जिथे तिला भाषा येत नाही, तिथे तू तिच्या उशाशी काय ठेवून गेलास? कोलाच्या दोन बाटल्या आणि जुलाब बंद करायची गोळी. कोलात साखर इतकी असते की ती आतड्यात आणखी पाणी ओढून घेते. आणि ताप असताना ती गोळी द्यायची नसते, ती आतला घाणेरडा माल आतच अडकवून ठेवते. तिथल्या पोटदुखीला पर्यटक गमतीने बालीचं पोट म्हणतात. बहुतेक वेळा तो ई-कोलायचाच एक वाण असतो, बर्फातून, धुतलेल्या फळांतून, कच्च्या कोशिंबिरीतून येणारा. त्यावर पहिला इलाज कोणता? एक लिटर उकळलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आठवीतल्या मुलाला येतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपातून हेच पाजून कॉलऱ्याने मरणारी माणसं वाचवली. तुझ्याकडे इलेक्ट्रिक किटली होती, साखरेच्या पुड्या होत्या, मीठ हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतं. नव्हतं काय, तर अर्धा तास.

आणि वर मला ऐकवलंस, "ही आजारी पडल्याने पुढचं सगळंच विस्कटलं." ही आजारी पडल्याने?

तू परवा ओसरीवर बोटीची कथा रंगवत होतास तेव्हा ही माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होती. खाजं काढता काढता मी तिला विचारलं, तुला काय बघायचं होतं गं तिथे? ती आधी "काही नाही" म्हणाली. मग पिशवीतून एक वही काढली. तुला माहीत आहे का त्या वहीत काय आहे? तिचं माहेर साक्री तालुक्यातलं. तिचे आजोबा पांझरेवरच्या फडात पाटकरी होते. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि कुणाचं शेत आधी भिजणार ते गावाने मिळून ठरवायचं. शेकडो वर्षं चालत आलेली ही रीत. ही मुलगी कॉलेजात असल्यापासून ते बंधारे एकेक करून काढते आहे. पेन्सिलीने, मोजमापासकट. मोसम आणि आरम नद्यांवरचेही आहेत. सांडव्याचा दगड कुठे झिजलाय तेसुद्धा तिने टिपलंय. मी पस्तीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या, इतकी नेटकी आकृती क्वचित बघितली.

आणि बालीत काय आहे? सुबाक. भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना पाणी वाटून देणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था. त्यांचं वेळापत्रक पाण्याच्या देवळांमधून ठरतं. वर बातुर सरोवराशी मोठं देऊळ आणि खाली प्रत्येक फाट्यावर छोटं. २०१२ साली युनेस्कोने ती सगळी व्यवस्था जागतिक वारशात घेतली, जातिलुवीची शेतं त्यातलीच. १९७०च्या दशकात सरकारने नवीन बियाणं आणून सांगितलं, देवळाचं ऐकू नका, वर्षभर भात लावा. पाण्याचं वेळापत्रक मोडलं, शेतं एकाच वेळी मोकळी राहीनाशी झाली आणि किडीने पीक खाल्लं. स्टीफन लॅन्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षं घालून दाखवून दिलं की त्या देवळांचे पुजारी पूजेबरोबर पाण्याचं आणि किडीचंही नियोजन करत होते. हे सगळं मला कुणी सांगितलं? तुझ्या बायकोने, तुझ्या ताटात खाजं वाढता वाढता. पांझरेचा पाटकरी आणि बालीचा पाटकरी कुठे सारखा आणि कुठे वेगळा, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बाली हे ठिकाण तुझ्या बोटीसाठी ठरलं, असं तू समजून चालला होतास. ती हो म्हणाली ती सुबाकसाठी.

त्या वहीत बालीचं एकच पान आहे. वर तारीख, खाली हॉटेलच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. नळाच्या जोडासकट नीट काढलेली. पुढची पानं कोरी.

तुझा छंद फसला म्हणून तू गावभर बोंब मारतोस. तिचा छंद सुरूच झाला नाही, आणि तुला त्याचा पत्ताही नाही. तू बेडवर कानात कापूस घालून पडून होतास, तेव्हा तरी तिला अर्धा दिवस गाडी करून देता आली असती. तिचं पोट तोवर थांबलं होतं. पण तुला सोबत हवी होती. तू आजारी असलास तर ती खोलीत, आणि ती आजारी असली तर तू समुद्रात. हे वाक्य दोनदा वाच.

आणि मुली, आता तू. हसू नकोस. तुझ्याही वाट्याचं आहे. ताप १०२ होता हे तू त्याला संध्याकाळी सांगितलंस. पहाटे तो विचारत होता, "जाऊ ना?" तेव्हा तू "जा" म्हणालीस, त्याचा हिरमोड नको म्हणून. तो पाण्याखाली "ठीक" ची खूण करत होता आणि तू खाटेवर. दोघांचा हात सारखाच खोटा. सोसणं हा गुण आहे असं तुला कुणीतरी शिकवलं असेल. शरीरशास्त्राच्या पुस्तकात तसं कुठेही नाही. अंगातलं पाणी कमी झालं, जीभ कोरडी पडली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, हे सांगायची गोष्ट आहे, झाकायची नाही. जातिलुवीचं तू त्याला एकदाच सांगितलंस, विमानात, आणि तो "बघू" म्हणाला. त्यानंतर तू विषय काढलाच नाहीस. का? तुझ्या आजोबांनी पाटाच्या पाळीसाठी भांडण केलं नसेल असं मला वाटत नाही. पाळी आपली असली की फावडं घेऊन पाटावर उभं राहावं लागतं, नाहीतर पाणी वरच्याच्या शेतात जातं. तुला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तुम्हा दोघांच्या घरच्यांनाही चार शब्द सांगायचे होते, लग्नाच्या धावपळीतून मुलांना थेट विमानतळावर ढकलू नका म्हणून. पण ते मी तुझ्या आईला समोरासमोरच सांगेन, शनिवारी बाजारात भेटते ती.

आता कामं. पुण्याला गेल्यावर पहिल्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. बालीतल्या दवाखान्याचा कागद घेऊन जायचं. पडदा भरत आलाय का ते दुर्बिणीतून बघून घ्यायचं आणि ऑडिओग्राम काढायचा, दोन्ही कानांचा. डॉक्टर लेखी सांगेपर्यंत पोहणं बंद, आंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि मामाची पट्टी कचऱ्यात. कुणीही सांगितलेलं तेल कानात घालायचं नाही. तुझी आजी सांगेल, तिलाही नाही म्हणायचं. विम्याची पॉलिसी काढून डायव्हिंगबद्दल त्यात काय लिहिलंय ते एकदा वाचायचं. आता उपयोग नाही, तरी वाचायचं.

तुझ्या डायव्हिंगच्या लॉगबुकात त्या दिवसाचं पान तू कोरं सोडलंयस, मी चाळलं. ते भरायचं. ठिकाण, तारीख, खोली पाच मीटर, वेळ, आणि शेऱ्यात लिहायचं: सर्दी होती, विमानात कान बंद झाला होता, गोळी घेतली, फॉर्मवर खोटं लिहिलं, गाइडला खोटी खूण केली, बायको हॉटेलात तापाने पडली होती. पुढे कधी दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर कुणी तुझं लॉगबुक मागितलं तर हे पान पहिलं दाखवायचं. शाईने लिही. पेन्सिलीने लिहिलेलं मी घेत नाही, हे तुला आठवत असेलच.

आणि फेब्रुवारीत दोन दिवस रजा टाकून साक्रीला जा. रब्बीचं पाणी सुरू असेल, पाट वाहता बघायला मिळेल. बंधाऱ्यावर ती बसेल, वही तिच्या मांडीवर. तिथे दुपारचं ऊन कडक असतं, तेव्हा छत्री तू धरायची. तिचं पान पूर्ण होईपर्यंत हात दुखला तर दुखला. मोबाइल खिशात. पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर असलं तरी. कान ओला होता कामा नये. ऑडिओग्रामची प्रत मला पोस्टाने पाठव, फोनवर फोटो नको, मला बारीक अक्षरं दिसत नाहीत.